आयएल-६ वाढला म्हणजे सिकलसेल बळावला का?

एका ताईंचा प्रश्न आला आहे. मूळच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या. यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असल्याने नऊ वर्षे गोव्यात. दोन्ही मुले एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेलग्रस्त. चौदा वर्षांच्या मुलीला दोन वर्षांत एकदाच क्रायसिस (रक्तवाहिन्या तुंबून उठणारे तीव्र दुखणे) आली, नऊ वर्षांच्या मुलाला याच वर्षी तीनदा. कुणीतरी सुचवले म्हणून मुलाचे 'सायटोकाइन पॅनल' (पेशींमध्ये दाहाचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांची तपासणी) केले. त्यात आयएल-६ आला मिलिलिटरमागे १८ पिकोग्रॅम (लॅबची मर्यादा ७), आयएल-८ आणि टीएनएफपुढेही लाल बाण. लॅबमधला मुलगा म्हणाला, "आजार भारी आहे." ताई विचारतात: या आकड्यांवरून आजार किती भारी ते कळते का, ते आकडे खाली आणणारे औषध आहे का, आणि एकाच आईबापाच्या दोन लेकरांत एवढा फरक का? शेवटी एक ओळ: शाळेची सहल हरवळ्याच्या धबधब्यावर जाणार आहे, पाठवू का?

ताई, त्या तीन बाणांवरून मुलाचा आजार किती भारी हे मला सांगता येणार नाही, लॅबमधल्या मुलाला तर नाहीच नाही. पण तुम्ही त्याच पाकिटात जे जुने, घड्या पडलेले कागद पाठवलेत, दोन्ही मुलांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) आणि साधे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), त्यांवरून बरेच सांगता येते. मी नागपुरात शिकलो, वीसेक वर्षे फोंड्यात रक्ताचे आजार बघतो आहे. विदर्भातल्या आयाबाया सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळणारे लाल कार्ड (रुग्ण), पिवळे कार्ड (वाहक) असे सहज बोलतात. इकडे त्याचा अर्थ निम्म्या डॉक्टरांनाही सांगावा लागतो. पोराचे पाय दुखतात म्हटले की आधी डेंग्यू, मग संधिवात, मग 'वाढीचे दुखणे', आणि सिकलसेल आठवतो सगळ्यात शेवटी. तुम्हाला निदान आधीच माहीत आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पॅनलच्या कागदावर आधी वरची तारीख बघा. रक्त काढले त्याच्या पाचच दिवस आधी मुलाला डिस्चार्ज मिळाला होता, आणि तुम्हीच लिहिलेत की त्याला सर्दी होती. आयएल-६ हा अंगातला फार घाईचा निरोप्या. सर्दी, दाताची सूज, गुडघ्याला खरचटणे, कशानेही तो काही तासांत चढतो आणि तसाच उतरतो. क्रायसिसनंतर पाचव्या दिवशी, नाक गळत असताना १८ आला, तर त्यातला सर्दीचा वाटा किती, क्रायसिसचा किती आणि मूळ आजाराचा किती, हे कोणी वेगळे करायचे? शिवाय पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक मापात ७ आणि १८ यांतले अंतर कागदावर दिसते तेवढे मोठे नसते. कोविडच्या काळात आयएल-६ चे आकडे शेकड्यांत आणि हजारांत पाहिलेत आम्ही.

तरी सायटोकाइन म्हणजे थोतांड असे समजू नका. उलट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या आजाराबद्दलची आमची समजच त्यांनी बदलली. मी शिकत होतो तेव्हा फळ्यावरचे चित्र सोपे होते: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येते, ऑक्सिजन कमी झाला की त्या हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. नळात कचरा अडकावा तसे. चित्र खोटे नाही, पण त्याने एक गोष्ट उलगडत नाही. विळे तर या मुलांच्या रक्तात रोजच असतात, मग क्रायसिस रोज का येत नाही?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरतो तेव्हा गल्ली काय गर्दीमुळे बंद होत नाही. माणसे सरकत असतात. कुणीतरी भिंतीला लागून स्कूटर आडवी लावतो, तिच्याशी टोपलीवाली थबकते, आणि मग सगळेच तुंबते. रक्तात ही आडवी स्कूटर म्हणजे बहुतेकदा पांढरी पेशी, न्यूट्रोफिल. केशवाहिन्यांच्या पुढे ज्या बारीक शिरा असतात, त्यांच्या अस्तराला न्यूट्रोफिल चिकटतो आणि जाणाऱ्या विळ्यांना पकडून धरतो. उंदरांवरच्या प्रयोगांत सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष दिसले आहे.

आता ते अस्तर चिकट होते कशाने? विळ्याच्या पेशी नाजूक. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. फुटली की तिच्यातले हिमोग्लोबिन आणि हीम (हिमोग्लोबिनचा लोहाचा भाग) उघड्यावर येते. त्याला गोळा करणारी हॅप्टोग्लोबिन आणि हीमोपेक्सिन ही प्रथिने या मुलांत केव्हाच संपलेली असतात. मोकळे हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड गिळते. मोकळे हीम अस्तरावरच्या टीएलआर-४ या घंटेवर बोट ठेवते; जंतू आल्यावर वाजायची तीच घंटा. जंतू नसताना शरीर जंतू आल्यासारखे वागू लागते. अस्तरावर पी-सिलेक्टिन हे पेशींना धरून ठेवणारे प्रथिन उगवते, पांढऱ्या पेशींत इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा चालू होऊन आयएल-१ बीटा आणि आयएल-१८ बाहेर पडतात. टीएनएफ अस्तराला आणखी चिकट करतो, आयएल-८ न्यूट्रोफिलना बोलावून आणतो, आयएल-६ यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन बनवायला लावतो. त्याच वेळी आयएल-१० ब्रेक मारत असतो, म्हणून तोही वाढलेला दिसतो, आणि नवखा वाचणारा त्यालाही दाहाच्या यादीत घालून मोकळा होतो. तुंबलेली शीर पुन्हा मोकळी झाली की ऑक्सिजन परत येतानाही इजा होते, त्यातून आणखी निरोप सुटतात. म्हणून एक क्रायसिस नीट निवायच्या आत दुसरी येते, तसे तुमच्या मुलाचे झाले.

एवढे सगळे खरे असताना रिपोर्टवरचा आकडा उपयोगाचा का नाही, हा तुमचा रास्त प्रश्न असेल.

पहिले कारण मी माझ्याच चुकीतून शिकलो. शिकाऊ असताना सिकलसेलच्या रुग्णांचे आयएल-८ मोजायची हौस मलाही आली होती. सकाळी वॉर्डात रक्त काढले, नळ्या टेबलावर ठेवल्या, वॉर्डचे काम संपवून दुपारी सेंट्रिफ्यूज लावायला गेलो तर वीज गेलेली. संध्याकाळी सीरम वेगळे केले. आकडे असे भरघोस आले की मी आनंदाने आमच्या सरांकडे धावलो. त्यांनी एकच विचारले, "नळी किती वेळ बाहेर होती?" नळीतल्या पेशी काही मेलेल्या नसतात. काचेच्या आणि उकाड्याच्या त्रासाने त्या आयएल-८ सोडत राहतात. मी रुग्णाचा दाह मोजला नव्हता, नळीचा मोजला होता. सगळी वही बाद. तुमच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ संध्याकाळची आहे आणि तपासणी झाली दुसऱ्या दिवशी, परराज्यातल्या लॅबमध्ये. रक्त लगेच फिरवून गार केले होते की थर्मोकोलच्या डब्यात तसेच गेले, कागदावर काहीच नाही. मे महिन्यातल्या गोव्यात, ताई.

दुसरे कारण मला जास्त रंजक वाटते आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. आयएल-८ वर झालेले बरेचसे काम आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आहे. तांबड्या पेशीवर डफी नावाचा रक्तगट असतो. तो नुसता रक्तगट नाही, आयएल-८ सारख्या निरोप्यांना टिपून ठेवणारा टीपकागद आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर तो नसतोच, आणि त्यामुळे त्यांना व्हायवॅक्स मलेरिया सहसा होत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांत तो असतो. म्हणजे तेवढाच आयएल-८ सुटला तरी तिथल्या आणि इथल्या रक्तात मोकळा सापडणारा भाग वेगळा असू शकतो. न्यूट्रोफिलची नेहमीची संख्याही डफी नसलेल्या लोकांत मुळात कमी असते. मग तिकडच्या अभ्यासातली रेघ उचलून आरमोरीच्या मुलावर कशी ओढायची?

तिसरे, अभ्यास आपसांतच पटत नाहीत. काहींत बऱ्या काळातही आयएल-६ चढलेला, काहींत निरोगी माणसाइतकाच. काहींत क्रायसिसमध्ये टीएनएफ वाढतो, काहींत फरकच नाही. रुग्ण थोडे, कुणी हायड्रॉक्सीयुरियावर (सिकलसेलची जुनी गोळी), कुणी नाही, 'बरा काळ' कशाला म्हणायचे याची प्रत्येकाची व्याख्या वेगळी. छातीच्या गंभीर त्रासाआधी सिक्रेटरी फॉस्फोलायपेज ए-२ हे एन्झाइम रक्तात वाढते, हे त्यातल्या त्यात बरे निघाले. पण तेही रोजच्या तपासणीत आले नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आकडे खाली आणायचे औषध. आहे. आयएल-१ बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब सिकलसेलच्या मुलांना आणि तरुणांना देऊन पाहिले. सीआरपी खाली आला, पांढऱ्या पेशी कमी झाल्या. पण दुखणे कमी करण्याचा मुख्य निकष गाठला नाही. पी-सिलेक्टिन अडवणारे क्रिझानलिझुमॅब २०१७ च्या चाचणीत झकास ठरले होते: नकली औषधावर वर्षाला २.९८ क्रायसिस, याच्यावर १.६३. अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र नकली औषधापेक्षा फरक दिसला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. निरोप्यांचा कारखाना एवढा मोठा आहे की एका निरोप्याचे तोंड दाबले तरी बाकीचे बोलत राहतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

इथेच एक ताकीद. दाह कमी करायचा म्हणून स्टिरॉइडची सुई देण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ती दिली की पोरगा तासाभरात हसायलाही लागतो. दोन-तीन दिवसांनी औषध उतरते आणि दुखणे दामदुप्पट होऊन परत येते. दम्यासारखे वेगळे कारण असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा. पण नुसत्या अंगदुखीसाठी डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) घेऊ नका. तसेच पांढऱ्या पेशी वाढवणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन. एसएस रुग्णांत त्याने जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. कुठेही दाखल केलेत तर 'सिकलसेल एसएस' हे शब्द केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहून घ्या.

मग दाह खरोखर कमी करणारे, स्वस्त आणि जुने औषध कोणते? ज्याबद्दल तुम्ही पत्रात तळाशी अर्धी ओळ लिहिलीत: "हायड्रॉक्सीयुरिया मागच्या चवथीपासून बंद केले, शेजारीण म्हणाली ते कॅन्सरचे आहे." मी पॅनल बाजूला ठेवले ते इथे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या २९९ प्रौढांवरच्या चाचणीत या गोळीने क्रायसिस ४४ टक्क्यांनी घटल्या. सगळे म्हणतात ती विळे होऊ न देणारे हिमोग्लोबिन एफ वाढवते, ते खरे. पण एफ चढायला महिने लागतात आणि अनेकांना बरे त्याआधीच वाटू लागते. कारण ती न्यूट्रोफिलची संख्या आधी उतरवते. त्याच चाचणीत न्यूट्रोफिल ज्यांचे उतरले त्यांच्या क्रायसिसही कमी होत्या. आडव्या स्कूटरीच कमी झाल्या. नागपुरात लहान मुलांवर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेचा अभ्यास झाला, त्यातही क्रायसिस घटल्या. शेजारीण खोटे बोलली नाही, ते औषध रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात. पण सिकलसेलच्या रुग्णांना वर्षानुवर्षे देऊन पाहिले आहे आणि त्यांच्यात कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. सीबीसी मात्र ठरल्या वेळी करावाच लागतो, पेशी फार उतरल्या तर काही दिवस गोळी थांबवावी लागते, आणि मुलगा मोठा झाला की शुक्राणूंवरच्या परिणामाचे बोलणे करावे लागते. मात्रा तुमचे डॉक्टर वजनावर ठरवतील. घरातली जुनी बाटली उघडून स्वतःच सुरू करू नका.

दोन मुलांतला फरक तुमच्या जुन्या कागदांवर लिहिलेलाच आहे. औषध सुरू होण्याआधीच्या एचपीएलसीत मुलीचे हिमोग्लोबिन एफ २४ टक्के, मुलाचे १३. एफ हे जन्माआधीचे हिमोग्लोबिन. ते जिथे असते तिथे विळ्याच्या काड्या रचल्या जात नाहीत. आपल्याकडचा सिकलसेल अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा (जनुकांच्या ठेवणीचा), त्यात एफ आफ्रिकेतल्यापेक्षा सहसा जास्त राहते. पण ते किती राहील हे ठरवणारी जनुके आणखी आहेत, बीसीएल११ए त्यांतले एक, आणि त्यांची वाटणी भावंडांत सारखी होत नाही. अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष सोबत आला तर पेशी कमी फुटतात. मुलीचा एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६८ म्हणजे कमी आहे, त्यामुळे मला तिच्यात त्याची शंका येते, पण आधी लोह तपासायला हवे. पेशी कमी फुटल्या की हीम कमी, घंटा कमी वेळा वाजते, निरोपे कमी. मुलीचा आयएल-६ कुणी मोजलाही नाही, तरी ती सुखी का आहे ते कळते.

दुसरा कागद सीबीसी. मुलगा ठणठणीत असतानाच्या दोन्ही रिपोर्टांत पांढऱ्या पेशी १७,००० च्या आसपास, मुलीच्या ९,८००. अमेरिकेतल्या एसएस रुग्णांच्या मोठ्या पाहणीत, १९९४ मध्ये, बऱ्या काळात १५,००० च्या वर असणाऱ्या पांढऱ्या पेशी लवकर मृत्यूशी जोडलेल्या निघाल्या होत्या. ती प्रौढांची आणि औषधापूर्वीच्या काळातली गोष्ट आहे, तुमच्या मुलाचे भविष्य नाही. पण दाह मोजायचा तर शंभर-दोनशे रुपयांच्या तपासणीतली ही ओळ कित्येक हजारांच्या पॅनलपेक्षा मला जास्त सांगते. एक खोच आहे: सिकलसेलमध्ये केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी रक्तात येतात आणि काही यंत्रे त्यांना पांढऱ्या समजून मोजतात. म्हणून लॅबला सांगा की स्लाइड बघून सुधारित आकडा द्या.

मुलीला त्रास कमी आहे म्हणून तिला विसरू नका. मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा न दुखता बिघडतात. वर्षातून एकदा लघवीतील प्रोटीन आणि डोळे तपासा, आणि तिलाही गोळीची गरज आहे का हे विचारा.

आता करायचे काय. चांगले चार आठवडे मुलाला ताप, सर्दी, क्रायसिस काही नसेल, अशा दिवशी सीबीसी, रेटिक (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी), एलडीएच (पेशी किती फुटतात ते सुचवणारे एन्झाइम), बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन करून घ्या आणि हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा त्याचा स्वतःचा पाया. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी तुलना लॅबच्या छापील मर्यादेशी न करता या पानाशी करावी. हिमोग्लोबिन ८ पाहून कुणी घाईने रक्त चढवायला निघाला, आणि पहिल्या पानावर ८.२ लिहिले असेल, तर ते पान पुढे करा. न्यूमोकोकसची लस झाली आहे का बघा. ताप ३८.५ अंश सेल्सिअसवर (सुमारे १०१.३ फॅरेनहाइट) गेला, छातीत दुखून धाप लागली, पोट डाव्या बाजूला फुगले किंवा बोलणे अडखळले, तर घरची गोळी देऊन वाट बघत बसू नका. १०८ लावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या.

पॅनल पुन्हा करू नका. त्या पैशांत दोघांचे वर्षभराचे सीबीसी होतील.

सहलीला पाठवा. माझ्या एका रुग्णाने जुलैत त्याच धबधब्याखाली तासभर डोके धरले आणि मध्यरात्री मांड्या धरून ओरडत माझ्याकडे आला. गारठ्याने शिरा आवळतात, पुढचे तुम्हाला माहीत आहे. म्हणून पाण्यात उतरायचे नाही हे बाईंना चिठ्ठीवर लिहून द्या. दप्तरात कोरडा शर्ट, टॉवेल आणि एक लिटरची बाटली. बाटली घरी रिकामी आली पाहिजे, एवढे त्याला बजावा.